तीन कारखान्यांचा एक लाल सिलिंडर

तीर्थस्वरूप भाऊजी यांस,

साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात घातला आहे. खरोखर घातला तर मला उठवायला बिजागऱ्यांच्या प्रेसवरचे दोघे बोलवावे लागतात आणि तेवढा वेळ प्रेस बंद ठेवणं परवडत नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? ताई सांगत होती की डॉक्टरनी काढलेला एक्सरे तुम्ही नापास केलात. फिल्म तिरकी लागली आहे म्हणून दुसरा काढायला लावलात, आणि दुसऱ्यात खरंच वेगळं काहीतरी निघालं. ऐकून बरं वाटलं. म्हणजे गुडघ्याबद्दल वाईट वाटलं, पण बाकीचं ऐकून बरं वाटलं. माणूस निवृत्त होतो, नजर निवृत्त होत नाही. ताईचं बीपी कसं आहे ते ती मला सांगत नाही आणि तुम्हाला विचारलं तर तुम्ही आधी मशीन बरोबर दाखवतं का याची चर्चा काढता, म्हणून तो विषय सोडतो. आमच्याकडे सगळे मजेत. आमची ही तुम्हाला नमस्कार सांगते आहे आणि "पत्रात फार फुशारक्या मारू नका" असंही सांगते आहे. ते वाक्य तुमच्यासाठी नसून माझ्यासाठी आहे.

तुम्ही म्हणाल, फोन असताना पत्र कशाला. तर भाऊजी, फोनवर तुम्ही मधेच अडवता. मागे मी "साधारण शंभर माणसं होती" असं म्हणालो आणि तुम्ही "मोजलीस का?" असं विचारलंत. मग मी आठवून आठवून मोजत बसलो, त्र्याऐंशी भरली, आणि मूळ बातमी सांगायची राहूनच गेली. पत्राला मधे अडवता येत नाही. शिवाय या पत्राला काही कारण नाही. सहज लिहितो आहे.

तुम्ही दर वेळी विचारता, धंदा कसा चाललाय, आणि मी "चाललाय" म्हणतो. आज जरा सविस्तर सांगतो. गेल्या महिन्यात वर्तमानपत्रात मोठा लेख आला होता. त्यात लिहिलं होतं की लघुउद्योग हा आपल्या भागाच्या अर्थव्यवस्थेचा कणा आहे. आमच्या मिस्त्रीने (तोच, उंच, तुम्हाला "साहेब" म्हणतो तो) ते कात्रण प्रेसच्या खांबाला चिकटवलं. आता रोज सकाळी आम्ही कणा वाचून कामाला लागतो. पण या कण्याला बुधवारी वीज नसते. म्हणून आम्ही बुधवारी सुट्टी घेतो आणि रविवारी काम करतो, आणि रविवारच्या कुठल्याही लग्नाला जात नाही म्हणून अख्खा गोतावळा आम्हाला माणूसघाणं समजतो. कण्याला पोलादाची पट्टी थेट मिळत नाही. मोठे कारखाने टनांनी उचलतात आणि त्यांनी कापून उरलेल्या कडा आमच्याकडे येतात. पंगत उठल्यावर जेवायला बसल्यासारखं. त्यात बोटीने येणाऱ्या परदेशी बिजागऱ्या. चकचकीत, खोक्यात घातलेल्या, आणि किंमत माझ्या नुसत्या पट्टीएवढी. वर्षभराने दार हातात येतं हे खरं, पण तोवर गिऱ्हाईक घर बदलून गेलेलं असतं. आणि एखादा माणूस तीन वर्षं खपून तयार केला की मोठ्या कारखान्याच्या गेटला त्याचा वास लागतो. आमच्या मिस्त्रीला दोनदा बोलावणं आलं. तो गेला नाही, कारण तिथे म्हणे जेवायची बेल वाजते, आणि "मला बेलवर भूक लागत नाही." मी त्याच्या पोटाचा ऋणी आहे.

तरीही आमची गल्ली चालते ती एकाच गोष्टीवर. इथे कुणाकडेच सगळं नाही, आणि जे आहे ते सगळ्यांचं आहे. माझं ड्रिल मशीन गेली दोन वर्षं स्प्रिंगवाल्या वहिनींकडे आहे, त्यांचा वजनकाटा माझ्याकडे आहे, आणि आम्हा दोघांची शिडी रबरवाल्याकडे. (या दोघांची ओळख करून देतो. आमचे तीन गाळे एका ओळीत: पहिला माझा, मधला रबरवाल्याचा, शेवटचा वहिनींचा. रबरवाला दाराखाली लागणारी रबरी बटणं करतो आणि प्रत्येक गोष्टीला घाबरतो. वहिनी कुलपातल्या स्प्रिंगा करतात आणि कशालाच घाबरत नाहीत. धंदा मूळ त्यांच्या नवऱ्याचा. आता तो माल पोचवायला जातो आणि पहिल्यांदाच सुखी दिसतो.) तसाच आमचा एक आग विझवायचा लाल सिलिंडर आहे. सहा वर्षांपूर्वी तिघांनी मिळून घेतला. ज्याच्याकडे तपासणी असेल त्याच्याकडे तो जातो. सोबत प्रथमोपचाराची पेटी, "शिस्त हीच सुरक्षा" अशी पाटी, हिरव्या कव्हरची एक चांगली खुर्ची, आणि चित्रकलेचे मास्तर. हे मास्तर शाळेतून निवृत्त झाले, अक्षर सुरेख म्हणून गल्लीचे सगळे फॉर्म लिहितात, आणि तपासणीच्या दिवशी खुर्चीवर बसून ते त्या गाळ्याचे क्वालिटी मॅनेजर होतात. सहा वर्षं ही व्यवस्था उत्तम चालली. सरकारी माणूस आला, सिलिंडरकडे बघितलं, मास्तरांशी हवापाण्यावर बोलला, गेला. कुणाचं काही अडलं नाही.

मग आलं कपाट कंपनीचं पत्र. तुम्हाला माहीत आहे, माझ्या मोठ्या प्रेसचं निम्म्याहून जास्त काम त्या एका कंपनीचं. पत्रात लिहिलं होतं की सर्व लहान पुरवठादारांची तपासणी होईल आणि जे नापास होतील त्यांचं नाव यादीतून निघेल. एवढंच. सही. भाऊजी, मी ते पत्र चार वेळा वाचलं आणि चारही वेळा ते तेवढंच होतं. नाव निघालं की मोठी प्रेस थांबली. मोठी प्रेस थांबली की पाचांपैकी तिघं घरी. त्या तिघांत मिस्त्री असणार, कारण मोठी प्रेस चालवतो तोच. दोनदा बोलावणं आलं असताना थांबलेल्या माणसाला, "बाबा, आता बेलवर भूक लागायची सवय कर" हे कुठल्या तोंडानं सांगायचं? रात्री जेवण गेलं नाही. (हिने पत्रात हेही लिहायला सांगितलं आहे की मी त्या रात्री दोनदा वाढून घेतलं. पण ते चिंतेने.)

आता चूक कुठे झाली ते सांगतो. पत्र तिघांनाही आलं होतं. तारीखही एकच, गुरुवार. पण हे कुणी कुणाला सांगितलंच नाही! मला वाटलं, तपासणी माझीच आहे, रबरवाल्याला सांगावं तर तो घाबरून चार ठिकाणी बोलेल. रबरवाल्याला वाटलं, वहिनींना कळलं तर त्या हसतील. वहिनींना वाटलं, सांगायची काय गरज, सकाळी जाऊन सिलिंडर उचलायचा. एरवी कुणाच्या घरी भांडं पडलं तरी भिंतीपलीकडून "काय झालं?" विचारणारी आम्ही माणसं, पण त्या आठवड्यात तिघंही तोंडाला कुलूप लावून, आपापल्या गाळ्यात चुना मारत होतो. मास्तरांकडे तिघांनीही गुपचूप फॉर्म नेऊन दिले, आणि मास्तरांनी तिन्ही फॉर्मांवर क्वालिटी मॅनेजर म्हणून सुरेख अक्षरात स्वतःचंच नाव घातलं. मी नंतर विचारलं, "मास्तर, तुम्हाला तरी कळायला नको?" तर म्हणाले, "तिघांनीही 'कुणाला सांगू नका' असं बजावलं होतं. मी शब्द पाळला."

गुरुवारी सकाळी आठ वाजता मी सिलिंडर आणायला निघालो, तर समोरून रबरवाला तोच घेऊन येत होता आणि मागून वहिनी "अहो, तो माझ्याकडे ठेवा" म्हणत येत होत्या. तिघंही थांबलो. कुणाला काही विचारायची गरज पडली नाही. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे सगळ्यांचंच आज मरण आहे तर! आधी सांगितलं असतं तर दोन सिलिंडर विकत नसते का आणले?" रबरवाला खाली बसला. मी वेळा विचारल्या: माझी दहा, रबरवाल्याची साडेअकरा, वहिनींची एक. मी म्हटलं, बसू नकोस, ऊठ, जमतंय. तिघांच्या मागे एक अरुंद बोळ आहे, गटाराच्या बाजूची. तपासणीला येणाऱ्या कंपनीच्या मॅडम पुढच्या दाराने बाहेर पडतील, सावकाश चालत पुढच्या गाळ्यात जातील. तोवर हातगाडीवर गोणपाट टाकून सिलिंडर, पेटी, पाटी, खुर्ची आणि मास्तर मागून पुढे पोचतील. "मला गाडीवर बसायला लावू नका," मास्तर म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही चालत या मास्तर, पण पळत."

मॅडम बरोबर दहाला आल्या. वय आमच्या धाकटीएवढं असेल. चपटे बूट, खांद्याला पिशवी, चहा नको म्हणाल्या. चहा नको म्हणणाऱ्या माणसाशी व्यवहार कसा करायचा हे मला आजवर कुणी शिकवलेलं नाही. त्यांनी आधी फॉर्ममधला तक्ता काढला, कोणत्या विभागाचा प्रमुख कोण याचा. अकरा चौकोन होते. सहा चौकोनांत मी होतो, तीन चौकोनांत मिस्त्री, क्वालिटीच्या चौकोनात मास्तर, आणि "तक्रार निवारण" या चौकोनात आमची ही. मॅडमनी विचारलं, "खरेदी आणि विक्री दोन्हीकडे तुम्हीच. या दोघांचं पटलं नाही तर निर्णय कोण घेतं?" मी म्हटलं, "शक्यतो पटतं. नाहीच पटलं तर मी हात धुताना आरशात बघून सांगतो." त्यांनी ते लिहून घेतलं. भाऊजी, त्या सगळंच लिहून घेत होत्या! मग म्हणाल्या, बिजागरी तपासता कशी? मी जे रोज करतो तेच केलं. एक उचलली, कानाशी धरली, उघडली, मिटली. "कानाने," म्हटलं. "पिन बरोबर असेल तर आवाज गोल येतो. आखूड असेल तर शेवटी जरा कोरडा येतो." त्यांनी शांतपणे विचारलं, "तुमच्या कानाचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट आहे का?" मी म्हटलं, कानाच्या डॉक्टरकडून आणून देतो. मिस्त्री मागून म्हणाला, "मॅडम, यांना पलीकडच्या गल्लीत आमची कुजबुज ऐकू येते, सर्टिफिकेट आम्ही लिहून देतो." मॅडमनी हेही लिहून घेतलं. मास्तरांपुढे एक बिजागरी धरली, ते "बरोबर" म्हणाले. मग सिलिंडरपाशी गेल्या, वाकून तारीख बघितली, आणि लेबलवर पेनाने एक बारीक बरोबरची खूण केली. जाताना पॅक केलेल्या खोक्यातून वीस बिजागऱ्या मोजून पिशवीत टाकल्या आणि निघाल्या.

पुढच्या दाराबाहेर त्यांचं पाऊल पडलं आणि मागे आमची गाडी सुटली. मिस्त्री ढकलतोय, मी धरतोय, मास्तर पुढे पळताहेत, एका हातात पाटी. बोळीत एक मांजर होतं, ते इतकं दचकलं की गेले चार दिवस दिसलेलं नाही. पुढचं सगळं मला दिसलं नाही पण ऐकू आलं (दिसण्यासारखं होतं ते रबरवाल्याने नंतर सांगितलं), कारण रबरवाल्याची आणि माझी मधली भिंत पत्र्याची आहे. मास्तर ओळखू येऊ नयेत म्हणून तिथे त्यांचा चष्मा काढून ठेवायचं ठरलं होतं. ही कल्पना माझी. तिचा तोटा असा झाला की मॅडमनी "हे बटण जरा मोजून दाखवा" म्हणून बटण आणि जाडी मोजायचा व्हर्निअर समोर ठेवला, आणि मास्तरांनी शेजारी पडलेलं मॅडमच्या पेनाचं टोपण उचललं, मोठ्या काळजीने मोजलं, आणि "अगदी बरोबर आहे" असा निर्वाळा दिला. मला पलीकडून रबरवाल्याचा श्वास थांबल्याचं ऐकू आलं. मॅडमची पावलं सिलिंडरपाशी गेली, थांबली. मग पेनाचा आवाज. लेबलवर दुसरी खूण.

मला तिथेच कळायला हवं होतं. पण माणूस संकटात असला की आपण फार हुशारी करतो आहोत असं त्याला वाटत असतं. आम्ही पुन्हा गाडी काढली. वहिनींकडे मास्तरांना चष्मा परत दिला, पण वर वहिनींच्या नवऱ्याचा कोट घातला, जो मास्तरांना गुडघ्यापर्यंत आला. मी आणि मिस्त्री मागच्या दारात श्वास घेत उभे. मॅडम आत आल्या, खुर्चीकडे बघितलं, पाटीकडे बघितलं, मग मास्तरांकडे बघून म्हणाल्या, "नमस्कार मास्तर. चष्मा सापडला वाटतं." मास्तर उभे राहिले, कोट सावरला, आणि खालच्या आवाजात म्हणाले, "हो. मधल्या गाळ्यात राहिला होता."

"सगळ्यांना बोलवा," मॅडम म्हणाल्या. "मागच्या दारात जे आहेत त्यांनाही."

आम्ही रांगेत उभे राहिलो. मॅडमनी सिलिंडर ओढून मधे आणला आणि लेबल दाखवलं. दोन खुणा. "माझ्या यादीत तीन कारखाने आहेत," त्या म्हणाल्या, "पण सकाळपासून मी एकच बघते आहे, तीन दारांचा." मी काहीतरी सुरुवात केली, "त्याचं असं आहे मॅडम," पण त्याचं कसं आहे हे मलाच सुचेना. मग त्यांनी विचारलं, "हा निदान चालतो का?" सहा वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. रबरवाला म्हणाला, "चालत असेल." मी म्हटलं, "चालतोच." वहिनी म्हणाल्या, "त्यात काय, बघूया की." आणि त्यांनी पिन ओढून दांडा दाबला.

भाऊजी, चालतो. फार चालतो! इतकी वर्षं आत दाबून बसलेली पांढरी भुकटी अशी सुटली की आधी रबरवाला दिसेनासा झाला, मग भिंत, मग आम्ही सगळेच. वहिनी "थांबत नाही हो हा!" असं ओरडत गोल फिरल्या, त्यामुळे कुणी सुटलं नाही. शेवटी आवाज थांबला तेव्हा गाळ्यात शेवग्याच्या शेंगांना पीठ लावून ठेवल्यासारखे आम्ही सहा जण उभे. मॅडमचा चपटा बूटसुद्धा पांढरा. त्यांनी फाईल झटकली. फाईलमधून ढग निघाला. आणि मग त्या हसायला लागल्या, अशा हसल्या की त्यांना खुर्चीत बसावं लागलं, आणि बसल्यावर खुर्चीतून दुसरा ढग निघाला. मास्तर तेवढ्यात गंभीरपणे म्हणाले, "आगीच्या बाबतीत तिन्ही गाळे उत्तीर्ण समजावेत." त्यावर मिस्त्रीही बसला. वहिनींनी चहा टाकला. या वेळी मॅडम नको म्हणाल्या नाहीत.

चहा घेताना मात्र त्यांचं हसू हळूहळू गेलं. म्हणाल्या, "सिलिंडर उद्या तिघं तीन आणाल, खुर्च्या आणाल, ते मला माहीत आहे. तुमच्याकडे 'नाही' कोण म्हणतं ते सांगा." वहिनी म्हणाल्या, "घरी मी म्हणते." "कारखान्यात?" मॅडमनी पिशवीतून माझ्या वीस बिजागऱ्या काढून टेबलावर मांडल्या. त्यातल्या तीन बाजूला केल्या. "या तीन पिना आखूड आहेत. हे खोकं आज निघणार होतं. तुमच्या मॅनेजरना मी बिजागरी दाखवली, ते बरोबर म्हणाले. बटण दाखवलं, बरोबर. माझं टोपणही बरोबर. मला सकाळपासून 'हो' म्हणणारेच भेटलेत. 'नाही' म्हणणारा एक दाखवा, ज्याने मोठ्या कारखान्यात तपासणी केली आहे, ज्याची सही खरी आहे. तिघांत मिळून एक असला तरी चालेल, पण तो भाड्याच्या कोटातला नको." महिन्याची मुदत दिली. चौदा तारखेला परत येणार. तोपर्यंत नाव यादीत राहील, नंतरचं नंतर. गेल्या तेव्हा पुढच्या दारापासून गेटपर्यंत पांढरी पावलं उमटली होती.

आता जे लिहितो ते हिलाही सांगितलेलं नाही. त्या तीन बिजागऱ्या मला ठाऊक होत्या. म्हणजे याच तीन असं नाही, पण मंगळवारी दुपारी पिना कापणाऱ्या कटरचा आवाज बदललेला मला ऐकू आला होता. कोरडा. मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं, त्यालाही संशय होता. पण दारात माल न्यायला टेम्पो उभा होता, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आणि मी म्हटलं, "चालू दे." टेम्पोत न मावलेलं खोकं गुरुवारी मॅडमच्या हाती लागलं. माझा कान चांगला आहे भाऊजी, पण तो माझाच कान आहे, टेम्पोचा हॉर्न वाजला की तो माझ्याच बाजूने ऐकतो.

बावीस वर्षांपूर्वी मी माझ्या पहिल्या चारशे बिजागऱ्या तुमच्या कारखान्याच्या गेटवर घेऊन आलो होतो, आठवतं? सायकलच्या मागे गोणी. मनात म्हणत होतो, आपले भाऊजी तपासणीला आहेत, काळजी कसली. तुम्ही पाच उचलल्यात, बाजूला ठेवल्यात, म्हणालात, "या परत ने." मी विचारलं, "आणि बाकीच्या?" तुम्ही म्हणालात, "बाकीच्या आधी तू तपास, मग आण." आणि आत गेलात. मी गेटबाहेर फूटपाथवर बसून चारशेच्या चारशे उघडून मिटवून बघितल्या, आणि व्हर्निअर नव्हता म्हणून ऐकून बघितल्या. कान तयार झाला तो तिथे. पुढे आठ महिने मी तुमच्याशी बोललो नाही. तुमच्या घरी आलो तर उभ्या उभ्या पाणी प्यायचो आणि ताईला म्हणायचो, बसायला वेळ नाही. ताई बिचारी तुमच्यावर चिडलेली, तुम्ही मात्र मला एका शब्दाने खुलासा केला नाहीत. मला वाटायचं, माणूस पाषाण आहे. नंतर धंदा उभा राहिला, लोक विचारू लागले, कुणाकडे शिकलात? मी म्हणायचो, स्वतःच शिकलो. हे मी बावीस वर्षं सांगत आलो आहे. गुरुवारी पांढऱ्या भुकटीत उभा असताना पहिल्यांदा वाटलं की हे वाक्य तुमच्याकडे आणलं असतं तर तुम्ही परत पाठवलं असतं.

असो. फार लांबलं, आणि लिहायचं तर काहीच नव्हतं. ताईला नमस्कार. गुडघ्याला जपा, जिने चढू नका, आमचा गाळा तळमजल्यावर आहे. मोठ्यांना नमस्कार, लहानांना जे काय हवं असेल ते, चूकभूल तुम्ही काढालच.

तुमचा एकुलता एक मेहुणा,
बिजागरीवाला

ता. क. १ : आमच्या तिघांचा क्वालिटी मॅनेजर व्हाल का? सरळ विचारायला धीर होत नव्हता म्हणून वरचं सगळं लिहिलं. पगार तुमच्या जुन्या पगारासारखा नाही. पण तीन गाळ्यांत मिळून बारा माणसं आहेत आणि सगळ्यांना तुम्ही ओरडू शकता. मला सर्वांत आधी.

ता. क. २ : मॅडमना तुमचं नाव मी आधीच कळवलं आहे. (रागावू नका. सही मी केलेली नाही, तेवढं शिकलो.) वहिनींनी तुमच्यासाठी नवी खुर्ची आणली आहे. रबरवाला तुम्हाला न बघताच घाबरतो.

ता. क. ३ : ताईने "त्यांना सांगू नकोस" म्हटलं आहे, म्हणून तिला सांगू नका की मी सांगितलं. तिचा मला गेल्या दोन महिन्यांत तीनदा फोन आला. तुम्ही म्हणे चहाच्या सगळ्या कपांना आतून पेन्सिलची रेघ मारली आहे, पडदे शिंप्याकडे चार वेळा परत पाठवलेत, आणि घरातल्या आठपैकी पाच दारांवर लाल खडूची फुली आहे. "ह्यांना कुठेतरी ने रे," ती म्हणाली, "नाहीतर पुढची फुली माझ्यावर." तुमची बॅग भरलेली आहे. पलंगाखाली बघा. ती स्वतः आठवड्याने मागून येते आहे.

ता. क. ४ : पत्रासोबत पार्सल आहे. त्यात आज सकाळच्या वीस बिजागऱ्या आहेत, कटर बदलल्यानंतरच्या. मिस्त्री म्हणतो, सगळ्या चांगल्या. मला त्यात दोन खराब ऐकू येतात. कुठल्या, ते लिहीत नाही. तुम्हालाही दोनच सापडल्या तर सावकाश विचार करून कळवा. तिसरी सापडली तर मात्र फोनवर ओरडू नका. तिला खिशात घालून पहिल्या गाडीने या आणि इथे सगळ्यांसमोर ओरडा.